गुरुवारचं मौन, माझ्या घरी

टिकिम्त महिना, ३ तारीख, संध्याकाळ

ब्रुक्तावितचा फोन. अदिसमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतल्यापासून माझी मुलगी सगळ्या जगाकडे वरून बघते. म्हणाली, आई, तिथं गोंदरमध्ये तुला आहे कोण? पडलीस-बिडलीस तर कळणार कुणाला? मी म्हटलं, मी पडत नाही. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात आणि मग पडतात.

शेवटी ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं. तिमकातच्या सणाला ती येणार आणि स्वतः बघणार. माझ्याभोवती माणसं दिसली तर मी इथं राहायचं. नाही दिसली तर या घराला कुलूप आणि मला चौथ्या मजल्यावरची मागची खोली. खोलीला रंगसुद्धा देऊन झालाय. पिवळा. मला विचारलं नाही.

मला माणसं नाहीत, हा शोध तिनं कुठून लावला? एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंज चालवलं. सगळं गोंदर माझ्या कानातून गेलंय. माणसं आहेत. मी जवळ येऊ देत नाही, एवढंच. उद्यापासून देईन.

टिकिम्त ४

किल्ल्याच्या भिंतीकडेनं येताना कल्पना सुचली. दर गुरुवारी दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत चिंतन. मोजकी माणसं, कमी बोलणं, खोल विचार. अस्माराच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगोस्तिना वर्षातून तीन दिवस आम्हांला असंच बसवायच्या. एकशेवीस मुली, आणि माशी उडाली तरी ऐकू यायची. मी जी काही आहे ती त्या तीन दिवसांमुळे. या गावाला नेमकं तेच मिळालं नाही. राजे आले, किल्ले बांधून गेले, बडबड तशीच राहिली.

एकतीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं. आता त्यांना गप्प बसायला शिकवीन.

तिमकातपर्यंत तेरा गुरुवार मिळतात. ब्रुक्तावित दारातून आत येईल तेव्हा तिला दिसतील वीस-पंचवीस सुसंस्कृत माणसं, डोळे मिटलेली, मधोमध मी. पिवळ्या खोलीत मग तिनं बटाटे ठेवावेत.

टिकिम्त ८

सात आमंत्रणं लिहिली, स्वतःच्या अक्षरात. नियम खाली दिले. वेळेवर यावं. पांढरे कपडे. फोन बंद. दुसऱ्याच्या सुनेविषयी बोलू नये. शेवटच्या नियमामुळे दोन-तीन जण गळतील, ते गळावेतच.

समोरच्या अस्कालेचला बोलावलेलं नाही. तिच्या अंगणात रोज सकाळी कॉफी भाजतात, खलबत्त्यात कुटतात, आणि सगळी गल्ली तिच्याकडे जाऊन बसते. तीन-तीन पेले, दोन-दोन तास, हसणं पार माझ्या स्वयंपाकघरात. मी रिटायर झाले त्या दिवसापासून ती रोज भिंतीवरून हाक मारते, "एत्ये एलेनी, कॉफी झाली हो." थोरल्या बाईला एत्ये म्हणण्याइतकी रीत तिला आहे, पण तेवढीच. मी रोज सांगते की डोकं दुखतंय. दोन वर्षं झाली, तिनं एकदाही विचारलं नाही की कसलं डोकं हे. समज कमी.

तिच्याकडे लोक जमतात असं ब्रुक्तावित म्हणते. ते जमणं नव्हे. साचणं.

टिकिम्त १४, गुरुवार

पहिली बैठक. उपस्थिती तीन. दर्जा उत्तम.

त्रुवर्कबाई आल्या. विधवा, देवभोळ्या, आवाज मुंगीचा. कोपऱ्यावर शिवणाचं दुकान चालवणारी बायुश आली. आणि शुमेत, सगळे मानानं ‘आतो’ लावतात असे, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त. उरलेल्या चौघांपैकी एकाकडे बारसं होतं, एकीचे गुडघे, आणि दोघांनी कारण द्यायचीही तसदी घेतली नाही. नावं लक्षात ठेवली आहेत.

मौन चार मिनिटं टिकलं. मग बायुशनं विचारलं की कॉफी केव्हा. मी शांतपणे समजावलं की कॉफी नाही. कॉफी म्हटली की भाजणं आलं, कुटणं आलं, धूप आला, जमिनीवर हिरवं गवत पसरणं आलं आणि गवतातून मुंग्या आल्या. मग चिंतन कधी करायचं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हटलं की आमच्या घराला छप्पर नाही.

फराळाला भाजलेले जव ठेवले होते. चूक झाली. आतो शुमेत खातात तेव्हा तबेल्यात असल्यासारखं वाटतं. पुढल्या वेळेपासून उकडलेले गहू आणि हरभरे. त्यांचा आवाज होत नाही.

त्रुवर्कबाई चाचरत म्हणाल्या की उकडलेलं धान्य तर मयताच्या घरी देतात. मी त्यांना सांगितलं की माझ्या घरात कशाचा काय अर्थ ते मी ठरवते.

ब्रुक्तावितला फोनवर कळवलं: गर्दी होती.

टिकिम्त २१

मौन नऊ मिनिटं. दुपटीहून जास्त. या गतीनं तिमकातपर्यंत दोन तासांवर जाऊ.

आतो शुमेत पूर्ण वेळ डोळे मिटून होते. अधूनमधून घोरले. सिस्टर अगोस्तिना म्हणायच्या की खोल प्रार्थनेत श्वास बदलतो.

बायुश मात्र सगळा वेळ त्रुवर्कबाईंच्या शालीचा काठ न्याहाळत होती. नवव्या मिनिटाला न राहवून विचारलंच, विणकर कोण, अर्सा का? नवा नियम: शालीचा रंगीत काठ वर, गळ्याशी दुमडून घ्यायचा. नुसतं पांढरं दिसलं पाहिजे.

त्रुवर्कबाई म्हणाल्या, "पण एत्ये, काठ वर घेऊन तर आपण..." मी एक बोट वर केलं. सिस्टर असंच करायच्या. त्या गप्प झाल्या. पद्धत अजून चालते.

हिदार ५

संकल्प: बैठकीत आवाज चढवायचा नाही.

चढवला. बायुशनं उकडलेले हरभरे रुमालात बांधून घरी न्यायला घेतले, वर म्हणाली की इथं घशाखाली जात नाहीत, उगाच कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, गेलेलंच आहे, तुझं लक्ष. कोणी हसलं नाही. इथं विनोद समजणारं माणूस नाही.

हिदार १२

आज संत मिकाएलचा सण, शिवाय गावभर कचरा जाळायचा दिवस. मला आठवण होती, पण मी तारीख बदलली नाही. चिंतन सणावारांवर अवलंबून ठेवलं तर वर्षात चार गुरुवार उरतील.

खिडक्या बंद करूनही धूर आत आला. मौन नाही, खोकला. तरी तिघं होती. बायुश देवळात गेली होती, तिनं नणंदेला धाडलं. हे मी गेले काही आठवडे बघते आहे: एखादं आलं नाही तर बदली माणूस येतं. तीनच्या खाली आकडा जात नाही. जाहिरात नाही, कॉफी नाही, तरी लोक स्वतःहून जागा भरून काढतात. याला म्हणतात प्रभाव.

अस्कालेच फाटकात उभी होती. विचारलं, "एत्ये, आज किती जण होते?" चौकशा. मी म्हटलं, पुरेसे. ती म्हणाली, "बरं झालं." तिला बरं वाटण्याचा संबंध काय?

ताहसास ३

आठवी बैठक. ब्रुक्तावितला सांगितलं की तीस जण असतात. तीन आणि तीसमध्ये फार फरक नाही, दिशा एकच.

ती म्हणाली, आई, मग फोटो पाठव. मी म्हटलं, चिंतनात फोटो काढत नाहीत. ती हसली. चौथ्या मजल्यावरून हसली की जास्त लागतं.

ताहसास ८, मंगळवार

भांडण. तासभर. तिला म्हणे मामानं सांगितलं की मी दिवसदिवस कुणाशी बोलत नाही. माझ्या धाकट्या भावाला, गेताहुनला, अदिसमध्ये बसून हे कसं कळतं? तिमकातपर्यंत थांबणार नाही म्हणाली. नाताळाआधीच येते, मोठी सूटकेस घेऊन येते, तू फक्त कपड्यांच्या घड्या करून ठेव. तीस माणसं आहेत ना, मग निरोप द्यायला येतील.

मी फोन ठेवला. आपटला नाही. हातातून सुटला.

मग बाहेर जाऊन वाळत घातलेल्या लाल मिरच्या वरखाली केल्या. मिरचीनं डोळे फार चुरचुरतात. अस्कालेच फाटकाशी आली, विचारलं की एत्ये, डोळे असे का, ब्रुक्तावित बरी आहे ना. मी म्हटलं, "ब्रुक्तावित संपली. तिचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस." ती तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. दुसऱ्याच्या घरगुती गोष्टीत एवढं काय हादरायचं? मी फाटक लावून घेतलं.

ताहसास ९

दिवसभर कुणी हाक मारली नाही. समोर कॉफी कुटल्याचा आवाजसुद्धा नाही. त्रुवर्कबाई येऊन दारात पाच मिनिटं बसल्या, काही बोलल्या नाहीत, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून गेल्या. मी शिकवलेलं मौन आता गुरुवारची वाट न बघता पाळलं जातंय. फार समाधान वाटलं.

ताहसास १०, पहाट

इद्दिरची, म्हणजे आमच्या गल्लीच्या मयत-मंडळाची, तुतारी. गल्लीगल्लीतून वाजत फिरली. म्हणजे कुणीतरी गेलं, आणि आता इद्दिरची मंडळी तंबू, बाकं आणि ती मोठाली पातेली घेऊन त्यांच्या दारात जाणार. आज नेमका गुरुवार. लोकांना मरायलाही दिवस कळत नाही. सगळे तिकडेच जाणार, माझ्याकडे तिघंही येतात की नाही कोण जाणे.

मी फोन बंद करून ठेवलाय, नियमाप्रमाणे. आज लवकरच केला. तिचा आलाच तर घ्यायचा नाही.

ताहसास १०, दुपार

विजय. दुसरा शब्द नाही. लोक अजून बसलेत, मी दोन मिनिटं आत येऊन लिहिते आहे.

वेळेच्या अर्धा तास आधीच माणसं यायला लागली. आधी नेहमीची तिघं. मग शिवणाच्या गल्लीतल्या बायका. मग एक्स्चेंजमधल्या माझ्या हाताखालच्या चौघी, ज्यांनी माझ्या निरोप समारंभात टाळ्यासुद्धा हात राखून वाजवल्या होत्या. सगळे पांढऱ्यात. प्रत्येकीच्या शालीचा काठ वर, गळ्याशी. मी कुणाला सांगितलं नव्हतं. नियम तोंडोतोंडी पोचले आहेत.

कोणी एक शब्द बोलेना. यायचे, माझा हात दोन्ही हातांत घ्यायचे, मान खाली घालायचे, बसायचे. खोली भरली, ओटा भरला. इद्दिरचा चिटणीस आतो चेकोल माणसं घेऊन आला आणि फाटकाबाहेर तंबू ठोकून बाकं मांडायला लागला. ज्या घरचं मयत होतं ते टाकून हा माणूस माझ्या दारात. मी म्हटलं, आतो चेकोल, एवढं कशाला. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "एत्ये, हे तर आमचं कर्तव्यच." उशिरा का होईना, समजलं.

अस्कालेचसुद्धा आली, बिनबोलावता. भलं मोठं पातेलं भरून उकडलेलं धान्य घेऊन. म्हणजे तिनंही नियम मान्य केले. डोळे सुजलेले. कुणी हुंदका दिला की ओठांवर बोट ठेवून गप्प करत होती, कुजबुजत होती की यांना आवाज चालत नाही, यांना जसं हवं तसंच बसा. शिष्य तयार व्हायला वेळ लागतो, पण होतात.

आमच्या घरचे धर्मगुरू आबा किदानेमारियाम आले. क्रूस पुढे केला, मी चुंबन घेतलं, ते म्हणाले की देव तुला बळ देवो. मी म्हटलं, आबा, बळ आहेच.

मग मी दोन शब्द बोलले. म्हटलं, आपण ज्याला आपलं म्हणतो ते आपलं नसतं. ते काही काळ आपल्याकडे दिलेलं असतं. एक दिवस परत मागितलं जातं. मूठ धरून बसू नका, उघडा. त्रुवर्कबाई ओक्साबोक्शी रडायला लागल्या. बायुशनं छाती पिटली. मी सांगितलं की अश्रू चालतील, आवाज नको. मागून कुणीतरी म्हणालं, काय धीर आहे या बाईचा. आतो शुमेत जागे होते आणि रडत होते.

मोजले. ओट्यावरचे आणि तंबूतले धरून त्रेसष्ट. मौन, एक तास दहा मिनिटं, अजून चालू. तिला फोनवर आता आकडा फुगवून सांगायची गरज नाही. उलट कमी करून सांगावा लागेल.

ताहसास १०, संध्याकाळ

लिहिणार नव्हते. पण रोजनिशीशी प्रामाणिक राहायची मला सवय आहे.

मी बाहेर जाऊन बसले तेव्हा त्रुवर्कबाई माझ्या शेजारी सरकल्या. हात हातात घेतला आणि त्यांच्या त्या मुंगीच्या आवाजात विचारलं, "एत्ये, शेवटी काही बोलली का हो ती?"

"कोण?"

"ब्रुक्तावित."

"बोलायला काय झालंय तिला. परवा तासभर बोलतच होती. तोंडाला खळ नाही पोरीच्या."

खोली शांत झाली. मग ओटा. मग तंबू. ही शांतता मी सांगितलेली नव्हती.

आबांनी विचारलं, "परवा? म्हणजे त्यानंतर...?" मी म्हटलं, त्यानंतर काय, मी फोन ठेवला. बोलतच नाही मी तिच्याशी. संपली ती माझ्यासाठी, अस्कालेचला सांगितलंय मी.

अस्कालेचच्या हातातला डाव खाली पडला. आधी ती रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. "अहो एत्ये, उकडलेलं धान्य तुम्ही वाटलंत. मयताला घेतात तसा काठ वर तुम्ही घ्यायला लावलात. घरात कॉफी कुटू दिली नाहीत, गवताची एक काडी टाकली नाहीत. पांढऱ्यातली माणसं दर आठवड्याला गप्प बसवलीत. आणि वर मिरच्यांसारखे डोळे करून सांगता, पोरगी संपली, नाव काढू नकोस. मी काय समजायचं होतं? मला वाटलं, तुम्हांला एकटीनंच पचवायचंय."

पहाटेची तुतारी माझ्याच दारासाठी होती.

कुणीतरी हसलं. मग त्रेसष्ट जण हसले. आबासुद्धा, दाढीआड. एवढा आवाज या खोलीनं कधी ऐकला नसेल. मी एक बोट वर केलं. त्याचा उपयोग झाला नाही.

फोन चालू केला. सत्तावीस कॉल.

झालं होतं असं. आमच्यात वाईट बातमी फोनवर माणसाला सांगत नाहीत. पहाटे वडीलधारी दारात जातात. अस्कालेचनं काल गेताहुनला कळवलं. गेताहुननं तीन म्हातारे गोळा केले, आणि आज पहाटे चौघं काळे कोट घालून जावयाचं सांत्वन करायला चार मजले चढून गेले. जावई जिम्माला कामाला गेलेला. दार उघडलं ब्रुक्तावितनं, तोंडात ब्रश. सगळ्यांत थोरला जिन्यावरच बसला. चढून आल्यामुळे त्याला तसंही बसायचंच असावं. मग त्यांनी विचार केला की ही जिवंत, पण बातमी तर गोंदरहून आली, म्हणजे गेली ती आईच. आणि तिथंच, तिच्या दारात, ते माझ्या नावानं रडले. तिनं मला फोन केला. बंद. पुन्हा केला. बंद. सत्तावीस वेळा.

मी तिला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हटलं, मी आहे. ती काही बोलली नाही. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. नऊ गुरुवारांत मी असं मौन ऐकलं नाही. मग म्हणाली, उद्याच्या विमानानं येते, आणि ठेवला.

माझी चूक काय? मी फक्त गप्प बसले होते.

ताहसास ११

तंबू तसाच. आतो चेकोलला म्हटलं, काढ. म्हणाला की उभारलेला तंबू तिसऱ्या दिवसाआधी उतरवला तर गल्लीत खरंच कुणीतरी जातं. "मग तुम्हीच सांगा एत्ये, कुणी जायचं?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तंबू राहिला.

तंबू आहे, बाकं आहेत, पातेली आहेत, म्हटल्यावर अस्कालेचनं शेगडी तिथंच आणली. सकाळपासून कॉफी. जमिनीवर गवत, धूप, भाजलेले जव, आणि सगळं गोंदर बघायला येतंय की मेलेल्या मुलीची आई कशी दिसते. मी पडदे ओढून घेतले.

दुपारी ब्रुक्तावित आली. मोठी सूटकेस. मी उचलून बघितली, रिकामी. म्हणजे माझ्यासाठी.

गल्लीतल्या बायकांनी तिला फाटकापर्यंत पोचूच दिलं नाही. प्रत्येकीनं गालाला गाल लावून, हात दाबून, गरम आहे का बघितलं. बायुशनं चिमटा काढला. ती माझ्याजवळ आली तेव्हा तिचे गाल कुंकवासारखे लाल होते. मला मिठी मारली. मी म्हटलं, सावकाश, हाडं आहेत. तिनं सोडलं नाही. मीही फार आग्रह धरला नाही.

ताहसास १२

ती सकाळपासून तंबूत. मला काही विचारत नाही, अस्कालेचला विचारते. मी तंबूच्या कापडाला लागून असलेल्या बाकावर बसून होते, ऐकायला नव्हे, सावली होती.

ब्रुक्तावितनं विचारलं की आईच्या गुरुवारांना खरंच लोक यायचे का. अस्कालेच म्हणाली, यायचे की, मीच धाडायची. टिकिम्तमध्ये त्रुवर्क आमंत्रण हातात घेऊन आली, म्हणाली याचं काय करू. मी म्हटलं, एकटी बाई आहे, जाऊन बसा. तिघं तरी जा, पाळीपाळीनं. खायला मिळणार नाही, घरून खाऊन जा.

"आणि आतो शुमेत?"

"त्यांना दुपारी झोपायला शांत जागा हवीच होती."

ब्रुक्तावितनं विचारलं, आई पडली-बिडली तर. अस्कालेच म्हणाली, "सकाळी त्यांच्या चुलीचा धूर दिसला नाही तर मी भिंतीवरून हाक मारते. डोकं दुखतंय म्हणाल्या की समजते, ठीक आहेत. दोन वर्षं झाली. ज्या दिवशी डोकं दुखत नाही म्हणतील त्या दिवशी मला घाबरायला होईल."

मी उठून आत आले. सावली सरकली होती.

नंतर बराच विचार केला. संघटन माझं नव्हतं, हे मान्य. कल्पना माझीच होती. पोप काय दर रविवारी स्वतः घरोघर जाऊन माणसं गोळा करतात?

ताहसास १२, संध्याकाळ

ब्रुक्तावित स्वयंपाकघरात आली. मी कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या होत्या. तिनं हातातला झगा काढून घेतला.

म्हणाली, "आई, तुला इथं माणसं आहेत. तू सांगितलीस ती नाहीत, वेगळीच आहेत. राहा इथंच."

मी म्हटलं की मी हेच टिकिम्तपासून सांगते आहे.

अटी घातल्या. फोन कधीही बंद करायचा नाही. घराची दुसरी किल्ली अस्कालेचकडे. आणि तिनं कॉफीला हाक मारली की डोकं दुखायचं नाही. पहिल्या दोन अटी मी मान्य केल्या. तिसरीवर विचार करते म्हटलं. तिनं सूटकेसकडे बघितलं. मान्य केली.

ताहसास १३

तंबू उतरला. ब्रुक्तावित गेली. सूटकेस भरून गेली: बायकांनी दळलेली लाल मिरची, हरभऱ्याचं पीठ, सुकवलेल्या भाकऱ्यांचे तुकडे, घरच्या मधाच्या दोन बाटल्या. मेलेली मुलगी परत आली तर रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, असं म्हणे. हा रिवाज आजच निघाला असावा. विमानात वजन जास्त भरलं.

इद्दिरनं सभा घेतली. एकमतानं ठराव: कोणाही सभासदाला घरात सलग पंधरा मिनिटांहून जास्त गप्प बसायचं असल्यास आधी चिटणीसाला कळवावं. मी विरोधात हात वर केला. आतो चेकोलनं लिहिलं, एकमतानं.

जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला की एत्ये, भाषण मात्र फार छान झालं. मूठ उघडा वगैरे. खऱ्या मयताच्या घरी बोलाल का? मी विचारलं, जिवंत माणसांपुढे का नको? म्हणाला, "जिवंत माणसं ऐकत नाहीत हो."

ताहसास १७, गुरुवार

दहावी बैठक. खोली झाडली, सहा खुर्च्या मांडल्या. उकडलेलं धान्य नाही, लोकांना खुसपटं काढायला जागा नको.

कोणी आलं नाही. अस्कालेचनं आता पाळी बंद केली असणार. गरज नाही म्हणाली असेल.

हरकत नाही. चिंतनाला संख्या लागत नाही. मी मधल्या खुर्चीवर बसले, डोळे मिटले. खोकला नाही, घोरणं नाही, सुनांविषयी एक अक्षर नाही. मला टिकिम्तपासून हवं होतं तसं, तंतोतंत.

घड्याळात बघितलं. अकरा मिनिटं.

पंधरा झाली असती तर आतो चेकोलला कळवावं लागलं असतं. उगाच माणसाला त्रास. उठले, शाल घेतली.

अस्कालेचकडे दुसरा पेला चालू होता. कोणी काही विचारलं नाही. त्रुवर्कबाई बाकावर थोड्या सरकल्या. मी म्हटलं की फक्त पाच मिनिटं बसणार आहे, आणि बायुशला सांगितलं की तिच्या नणंदेचं ते सुनेशी वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. मग एक्स्चेंजमधल्या चौघींविषयी सांगितलं, मग पोस्टमास्तरच्या दुसऱ्या लग्नाचं, त्याचे सगळे फोन मीच जोडले होते. तिसरा पेला संपला. नवीन कॉफी भाजायला घेतली. ऊन भिंतीवरून गेलं.

मध्ये एकदा अस्कालेचनं विचारलं, "एत्ये, श्वास घेता का जरा?"

घेतला.